आडवा उजेड

आम्ही त्याला काजवा म्हणतो. फर्निचरच्या शोरूममध्ये दिवे लावणं हे त्याचं काम. नुसतं बटण दाबणं नव्हे. सोफा, पलंग, जेवणाचं टेबल, कशावर कोणता दिवा, किती उंचीवरून, कोणत्या बाजूने, हे तो ठरवतो. मी तिथेच त्या वस्तूंची वर्णनं कार्डांवर लिहितो. साहित्यात एम. ए. केलं, त्याचा एवढाच उपयोग झाला.

"तू खोटं लिहितोस, मी खोटं दाखवतो," काजवा म्हणायचा. "पगार तेवढा दोघांचा खरा."

एकदा एक बाई तणतणत आल्या. "इथे सोफा बदामी होता, घरी नेला तर चिखलाचा झाला!" काजवा त्यांच्या घरी गेला. छताची ट्यूब बंद केली आणि कोपऱ्यातला पिवळा उभा दिवा सोफ्याच्या मागे आणून ठेवला. बाई म्हणाल्या, "अगंबाई, हाच तो!" काजवा चहा न घेता परत आला.

हे सगळं तो वडिलांकडून शिकला. त्यांना मी काका म्हणतो. काका सुतार. लहानपणी काका पॉलिश करायचे आणि हा दिवा धरायचा. "खाली धर. आडवा. वरून उजेड पडला की लाकूड मुकं होतं." आडव्या उजेडात राहिलेला ओरखडा दिसतो आणि लाकडाच्या रेषा पाण्यासारख्या हलतात.

दाबलेल्या भुशाची कपाटं बाजारात आली आणि काकांकडे कोणी फिरकेना. कारखाना बंद पडला. काका दिवसभर पेपर वाचत बसायचे, तोही कालचा. शेवटी काजव्याने आमच्या शेठला गळ घातली. शेठ म्हणाले, "एक कपाट ठेवू. महिन्यात विकलं, तर वर्षाला तीन घेईन."

काकांनी कारखाना उघडला. चार महिने सागवानी कपाट करत होते. काकू कुरकुरायच्या, पण तोंडभर हसून. "जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागतात ह्यांना."

कपाट आलं. शेठनी ते भुशाच्या कपाटाशेजारी ठेवायला लावलं.

"काजव्या, ह्या सागवानीवर पांढरा मार. सरळ वरून."

"शेठ, मरेल ते."

"मरू दे. शेजारचं उठेल. गिऱ्हाइकाला तुलना लागते. आणि तुला नोकरी लागते ना?"

काजव्याने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कार्डाकडे पाहिलं. तो शिडीवर चढला.

महिना संपला. कपाट तिथेच. काका इस्त्रीचा शर्ट घालून बघायला आले. कपाटासमोर उभे राहिले. मग दारावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"काय रे, फिकं का दिसतंय? पॉलिश बिघडलं का माझं?"

शेठ चार पावलांवर उभे होते. काजव्याने वर पाहिलं नाही.

"हो बाबा. जरा बिघडलंय."

काका हसले. "चालायचंच. हाताला कळलं नाही." मग शेठकडे वळून म्हणाले, "माफ करा, तुमची जागा अडवली."

मी तिथेच होतो. काजवा असं बोलू शकतो, हे मला अजून खरं वाटत नाही. मी गप्प राहू शकतो, हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी कपाट टेम्पोतून परत नेलं. कारखाना रिकामा दिसला. रंधे, पटाशा, करवती, काही नव्हतं.

"काल संध्याकाळीच देऊन टाकलं सगळं," काकू म्हणाल्या. "पलीकडच्या गल्लीतल्या सुताराला. म्हणाले, हात गेला माझा."

आम्ही कपाट खिडकीशेजारी टेकवलं. खिडकी पूर्वेची. ऊन खालून, आडवं आत आलं होतं. ते दारांवर पडलं आणि लाकूड पेटल्यासारखं झालं. एकेक रेष हलत होती. कुठे डाग नाही, ओरखडा नाही.

काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहिले.

"तिथे दिवा कोणी लावला होता?"

"मी," काजवा म्हणाला.

काजवा घाईघाईने म्हणाला, "बाबा, हत्यारं मी परत घेऊन येतो. आत्ता जातो."

"कशाला?"

काजवा दारापर्यंत जाऊन थांबला.

"खिडकी लाव," काका म्हणाले.

काजव्याने खिडकी लावली. मग छपरातल्या काचेतून येणारा तेवढाच उजेड उरला. पांढरा. सरळ वरून.