मास्तरांनी चढवलेली पट्टी

दुपारचं जेवण उरकून मी आतल्या खोलीत जमिनीवरच आडवी झाले आहे. नखांत चुना अडकलाय, तो साबणानेही निघत नाही. उद्या ईस्टर. पहाटेची उपासना आमच्याकडे कबरस्तानात होते, म्हणून आदल्या दिवशी बायका जाऊन कबरी झाडतात, चुना लावतात. सकाळभर मी तेच केलं. सासऱ्यांच्या कबरीला लावला, ज्यांचं गावात कोणी उरलं नाही त्यांच्याही कबरींना लावला. ओहोळ मास्तरांच्या कबरीपाशी आले तेव्हा बादलीत चुना होता, हातात कुंचा होता, आणि मी सरळ पुढच्या कबरीकडे गेले. बायकांनी पाहिलं.

मास्तर फेब्रुवारीत गेले. मिशनच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, पण आमच्यासाठी ते चर्चमधल्या पेटीवरचे मास्तर. गीत कोणतं घ्यायचं, कुठे थांबायचं, म्हातारी माणसं दमली की लय कधी सोडायची, सगळं त्यांच्या बोटांवर. लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांनी मला मागच्या बाकावरून उठवलं आणि पेटीशेजारी उभं केलं. तेव्हापासून मंडळीचं गाणं मीच पुढे उभी राहून चालवत आले. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

मागच्या, झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ईस्टरपासून उपासनेचं गायन नोएल चालवील. नोएल म्हणजे मास्तरांचा पुतण्या. आवाज असा की बोलला तरी घसा खाकरतोय असं वाटावं. ही मास्तरांची शेवटची इच्छा, असंही पाळकसाहेब म्हणाले. बाहेर फाटकापाशी चर्चच्या एका पंचाच्या बायकोने माझा हात धरून उरलेलं सांगितलं. दवाखान्यात मास्तरांनी पंचांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं आणि म्हणाले होते, करुणाला देऊ नका.

करुणा म्हणजे मी.

उद्या मी जाणार नाही. ताप आलाय म्हणून सांगायचं, असं नवऱ्याला बजावून ठेवलंय.

पंखा घरघरतो आहे. त्या घरघरीत हळूहळू दुसरा आवाज मिसळतो, पेटीचा भाता हलवला की हवा भरते तसा. मी डोळे उघडत नाही.

"पाय जवळ घे गं, बसू दे मला."

मी पाय जवळ घेते. अंगावरची चादर तीच आहे, पण खाली फरशी नाही, चर्चमधलं बाक आहे, खिडकीकडचं. टोकाशी मास्तर बसलेत. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. मांडीवर पेटी घेऊन रुमालाने पट्ट्या पुसताहेत, दर रविवारी पुसायचे तसेच, आधी पांढऱ्या, मग काळ्या.

"माझ्या कबरीचा चुना राहिला," ते म्हणतात.

"राहिला नाही. मी लावला नाही."

"बरं."

"नोएलला सांगा लावायला."

"तो बादली सांडील."

"मंडळी चालते त्याच्या हाती दिलेली, आणि बादली चालत नाही?"

मास्तर हसतात. त्यांचं ते गालातल्या गालात हसणं मला इतकं आवडायचं, आज पाहून अंगाचा तिळपापड होतो. मेलेल्या माणसाला काही लागत नाही हे बरं आहे, नाहीतर पेटी उचलून टाकली असती मी.

"म्हण काहीतरी," ते म्हणतात.

"नाही म्हणणार."

"धोंडा म्हण."

ते गाणं त्यांनीच रचलेलं. ईस्टरच्या पहाटे येशूच्या कबरीकडे निघालेल्या बायांचं. पुढे उभं राहणाऱ्याने विचारायचं, "धोंडा कोणी गं सारिला, आत नाही माझा धनी," आणि मंडळीने उत्तर द्यायचं, "पूस बाई माळ्याला, त्याला दिसला का कोणी." पहिली ओळ एकाची, दुसरी सगळ्यांची. दुसरीही मीच म्हणायला कधी लागले, ते आठवत नाही.

"करुणा, चूल विझतेय," मास्तर म्हणतात.

खरंच चूल आहे. चर्चच्या मागची मोकळी जागा, प्रीतिभोजनाच्या दिवशी असते तशी धुराने भरलेली. मी परातीशी बसले आहे आणि भाकरी थापते आहे. एक तव्यावर जाते की दुसरी हातात. भोवती मंडळीतल्या सगळ्या बायका उभ्या आहेत, हात धुऊन, पदर खोचून. कोणीच बसत नाही. सासूबाईही आहेत. त्यांच्या भाकरीला गावात जोड नाही, पण त्या ओले हात पुढे धरून नुसत्या माझ्याकडे बघताहेत, आणि डोळ्यांत पाणी आहे. चर्चमध्ये मी गाते तेव्हा त्या अशाच बघतात. गीतपुस्तक मिटलेलं, ओठ मिटलेले, डोळे भरलेले. मी गाताना तो चेहरा शोधायचे. केवढं कौतुक आहे सुनेचं, असं वाटायचं मला.

"बसा ना कोणीतरी," मी म्हणते.

"तुझ्याइतकी गोल जमत नाही आम्हाला," एक जण म्हणते.

"गोल कशाला पाहिजे? खायचीय ना?"

"मग तू एवढी गोल का करतेस?" हे मास्तर विचारतात. ते चुलीपलीकडे उकिडवे बसलेत, फुंकणी हातात आहे.

आता मला कळतं हे कुठे चाललंय. मी परात सरकवते.

"म्हणजे माझा आवाज चांगला आहे म्हणून काढलंत मला."

"तू उभी राहिलीस की मंडळी ऐकत बसते, पोरी. पुरुष माणसं तर घड्याळ बघतात. उपासना ऐकायची नसते."

"आणि नोएल?"

"नोएलने सुरुवात केली की लोकांना राहवत नाही. त्याला सांभाळून घ्यायला सगळे गातात."

हे ऐकून मला हसू यायला हवं. मला रडू येतं. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं खरं कोणी बोललं नव्हतं, आणि ज्याने बोलायला हवं होतं त्याने ते मला सोडून पंचांना सांगितलं, खाटेवर पडून, मी बाहेरच्या बाकावर त्यांच्यासाठी पेज घेऊन बसलेली असताना.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"दर रविवारी. ठरवून यायचो. मग तू गायचीस."

"मग?"

मास्तर फुंकणी खाली ठेवतात. धूर निवळतो आणि आम्ही शाळेच्या वर्गात आहोत, ते पहिल्या बाकावर मुलाच्या जागी बसलेत, गुडघे बाकाखाली मावत नाहीत. मी फळ्यापाशी. फळ्यावर पेटीच्या पट्ट्या काढल्या आहेत, काळ्या आणि पांढऱ्या.

"मंडळीची पट्टी कोणती?" मी विचारते. मलाच नवल वाटतं, माझा आवाज बाईंसारखा येतो.

"काळी एक," ते शहाण्या मुलासारखे उत्तर देतात. "म्हाताऱ्यांनाही पेलते. पुरुषांच्या गळ्यात बसते."

"आणि मी कुठून गाते?"

"काळी चार."

"ती कोणी चढवली?"

ते बाकावरचा शाईचा डाग नखाने खरवडतात.

"मास्तर, पेटी तुमच्या मांडीवर होती. मी नवी नवरी होते, मला पट्टी कशाशी खातात ते माहीत नव्हतं. तुम्ही एकेक करून वर नेलीत. म्हणालात, इथे तुझा आवाज खुलतो. मंडळी खाली राहिली ती माझ्यामुळे नाही, तुमच्या बोटांमुळे."

"हो," ते म्हणतात.

"का?"

"मला ऐकायचं होतं." त्यांचा आवाज खाली जातो. "मीही गप्पच बसायचो की. सगळ्यांना गायला लावायचं काम माझं, आणि मीच पेटीवर डोळे मिटून ऐकत बसायचो. मरताना भीती वाटली. देवाने विचारलं, मंडळी कुठाय, तर काय दाखवू?"

"म्हणून मला दाखवलंत."

"हो."

"गाणं तुम्ही ऐकलंत आणि दोष माझ्या नावावर टाकून गेलात."

"हो, करुणा."

त्यांनी एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं. भांडण झालं असतं, मन मोकळं झालं असतं. या माणसाला मी वडिलांच्या जागी मानलं. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझ्यासाठी मंडळीला प्रार्थनेला बसवलं होतं. ते मला फसवून गेले, आणि आता मुलाच्या बाकात बसून शिक्षेची वाट बघताहेत, जणू छडी मारली की हिशोब मिटेल.

"गा," ते म्हणतात. "एकदाच. मग जातो."

"अजून ऐकायचंच आहे तुम्हाला."

"ऐकणार नाही. म्हणणार आहे."

मी गाणार नव्हते. पण छातीत जे साचलंय त्याला दुसरी वाट नाही. मी तोंड उघडते आणि ओरडते, "धोंडा कोणी गं सारिला." सूर लावत नाही, श्वास राखत नाही. पेटी नाहीच, पट्टी कुठली. आवाज खाली कुठेतरी पोटातून येतो, जाडा, फाटका, माझा वाटत नाही. "आत नाही माझा धनी." गाणं कसलं, मी त्यांना विचारते आहे. धोंडा कोणी सारला, मास्तर? माझ्या जागेवरून मला कोणी उठवलं?

वर्गाच्या भिंती नाहीत. कबरस्तान आहे, चुन्याने पांढरं झालेलं, मधली एकच कबर मातकट. मास्तर तिच्यापाशी उभे आहेत आणि तोंड उघडताहेत. त्यांना गाताना मी कधी पाहिलंच नव्हतं, हे आत्ता लक्षात येतं. त्यांचा आवाज कसा आहे हे मला माहीत नाही. मी दुसऱ्या ओळीसाठी थांबते.

ओळ येते. पण आवाज पुरुषाचा नाही.

"पूस बाई माळ्याला," कोणीतरी म्हणतं, किंचित बेसूर, आणि त्याबरोबर कशावर तरी थाप पडते.

पंखा घरघरतो आहे. चादर पायाशी गोळा झालीय. खिडकीत अजून ऊन आहे. आवाज स्वयंपाकघरातून येतो.

"त्याला दिसला का कोणी."

मी हाक मारायला जाते, तर घशातून नुसती हवा निघते. घसा पार बसलाय. झोपताना ठणठणीत होता. मी गळ्याला हात लावते, खाकरते, पुन्हा प्रयत्न करते. खरखर, बाकी काही नाही.

सासूबाई दारात येतात. हाताला पीठ आहे.

"थांबलीस का गं?" त्या विचारतात. "चांगली म्हणत व्हतीस झोपंत."

"मी?" हा शब्दही धड उमटत नाही.

"तू न्हाई तर कोन. म्या म्हनलं, दुसरी वळ घ्यावी. येती मला. मास्तरांनी गानं बांधलं तवापासून येती."

"मग चर्चमध्ये कधी म्हणत नाही तुम्ही." मला एकेक शब्द ढकलावा लागतो.

"तिथं तुझं लई वर असतंय, बाई. माझा गळा जात न्हाई तिथवर." त्या पदराला पीठ पुसतात. "आन तू गाताना मधी आपलं कशाला? आज खाली म्हनलीस. माझ्या गळ्यात बसलं."

किती खुशीत सांगताहेत त्या. इतकी वर्षं ज्यांचे भरलेले डोळे मी कौतुक म्हणून घेत आले, त्या ही एवढीशी ओळ तोंडात धरून बसल्या होत्या. मला मास्तरांचा राग येतो, पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं म्हणणं खरं निघालं याचा तर जास्तच येतो.

"म्हणा पुढचं," मी म्हणते.

त्या जरा लाजतात, मग दाराच्या चौकटीवर थाप देत दुसरं कडवं उचलतात. सूर सुटतो, लय पळते. मी काही दुरुस्त करत नाही. करायला गळाच नाही.

कडवं संपल्यावर मी त्यांना सांगते की पहाटे मला उठवा, आपण बरोबर जाऊ. ताप आलाय असं कोणाला सांगायचं नाही. मी पुढे उभी राहणार नाही, त्यांच्या शेजारी राहीन.

"आन मास्तरांची कबर तेवढी राहिली म्हनं चुन्याची," त्या म्हणतात. "बायका बोलत व्हत्या. अजून उजेड हाय. जाऊन येऊ का?"

"नको," मी म्हणते. घशातून खरखरत येतं, पण ऐकू जातं. "ती तशीच राहू दे."