भूपालने तीनदा विचारलं होतं

भूपाल गेल्याचा फोन शाळेत आला, दीड महिन्यापूर्वी. रिसीव्हर ठेवताना मनात पहिलं जे आलं ते लिहायची लाज वाटते... आता माझी चूक कुणाला कळणार नाही, असं आलं. रडू नंतर आलं, सांगलीच्या एसटीत.

कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे मी साताऱ्यात मास्तर झालो आणि भूपालने, हळदवाल्या शेतकऱ्याच्या या मुलाने, सांगलीत कॉम्प्युटर क्लास काढला. गेल्या वर्षी एका रविवारी तो लिनक्सची सीडी घेऊन घरी आला. जुनं विंडोज काढायचं, हार्डडिस्कची नव्याने वाटणी करायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हवं ते आधी फ्लॉपीवर घे, एवढं त्याने बजावलं होतं. त्याच्या गावात जमिनीची वाटणी करताना हद्दीचा दगड रोवण्याआधी तीनदा विचारतात. त्यानेही तसंच विचारलं.

“गड्या, समदं घेतलंस न्हवं? हरकत?”

दोनदा मी ‘हरकत नाही’ म्हणालो. तिसऱ्यांदा खेकसलो, “अरे, दाब की आता!”

त्याने दाबलं. संध्याकाळी लक्षात आलं, आईची गाणी फ्लॉपीवर घ्यायची राहिली. आई शिराळ्याची. नागपंचमीच्या फेराची तिची गाणी मी तिच्या शेवटच्या आजारपणात टाइप करून घेतली होती, कागदावर कुठेच नव्हती. “कुणी पुसली?” बायकोने विचारलं. “भूपालने,” मी म्हणालो. तो समोरच उभा होता. त्याने चपला घातल्या. पुढे सगळ्या नातेवाइकांना मी तेच सांगत सुटलो. तो चिडला होता की मला सांभाळून घेत होता... अजून समजत नाही.

तेराव्यानंतर पुन्हा त्याच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींनी एक वही हातात ठेवली. “रविवारचं शिराळ्याला तुमच्या मावशीकडं जात हुते. तुमास्नी सांगू नको म्हनले.” वहीभर आईची गाणी, मावशीच्या तोंडून उतरवलेली. मध्ये मध्ये ओळी कोऱ्या, शेजारी त्याच्या अक्षरात, ‘मावशींना आठवेना. परत जायचं.’

गेल्या रविवारी ती वही घेऊन मी मावशीकडे गेलो. तिने माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं.

“भूपाल न्हाई आला व्हय रं? त्येची एक ओळ र्‍हायली हुती, ती आठवलीया.”

“मला सांग, मी लिहितो.”

“नगं. त्यो लय हेलपाटं घालतोय. त्येलाच सांगीन.”

येईल तो, म्हणालो मी. का म्हणालो, कळत नाही... ती ओळ वहीत अजून कोरी आहे.