ओठ दिसले पाहिजेत

बाबांना ऐकू येत नाही. तारापूरच्या एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत उमेदीची सगळी वर्षं लूमवर गेली, कान तिथल्या खडखडाटात गेले. लूमखात्यात कोणी ओरडून बोलत नाही, कारण त्याचा उपयोग नसतो. सगळे नुसत्या ओठांनी बोलतात, आवाज न काढता. त्यामुळे बहिरेपणाचा बाबांना फारसा त्रास झाला नाही, झाला तो आम्हाला. समोरच्याचे ओठ दिसले की त्यांना सगळं कळतं, आणि कोणी तोंड फिरवून बोललं की ते आपल्याबद्दलच बोललं असं ते धरून चालतात.

माझी धाकटी बहीण नाशिकला नर्सिंग शिकते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी पालघरला बी.एस्सी. केलं, आज बोईसरला एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. दुसरी पदवी तिची, हे मी ठरवूनच टाकलं आहे.

मागच्या वर्षी तिला हॉस्टेलवर टायफॉइड झाला. बाबांना सांगायचं नाही, असं आईने आणि तिने परस्पर ठरवलं. ती सुट्टीत सालवडला घरी आली तेव्हा बाबांनी तिचे उतरलेले गाल पाहिले आणि तिच्याकडून सगळं वदवून घेतलं. त्या दिवसापासून त्यांचा कोणावर विश्वास नाही. मेसेज वाचून दाखवला तर म्हणतात, "अक्षरं कोणी पण लिवील." म्हणून ती दर रविवारी खास त्यांच्यासाठी व्हिडिओ करून पाठवते. फोनवर तोंड अंगठ्याएवढं दिसायचं, तेव्हा मी बोईसरला स्टेशनजवळच्या दुकानातून एक टॅब्लेट आणला. स्वस्तातला, पण स्क्रीन मोठी.

पहिल्याच रविवारी पंचाईत झाली. बहीण बोलायला लागली की चेहरा थिजायचा आणि एकदम पुढच्या वाक्यावर उडी मारायचा. आवाज मात्र सरळ चालू होता, त्यामुळे मला नि आईला सगळं कळत होतं. बाबांनी टॅब्लेट बाजूला ठेवला.

"बाय, यातला मदला भाग कुठं गेला?"

"काढला नाही बाबा, अडकतोय."

"अडकतो तो बरोबर कामाच्या ठिकानी." ते बोलतात ते अख्ख्या चाळीला ऐकू जातं. "मेस चांगली हाय, एवढं दिसलं. पुडं काय? तुमी दोघी मिळून तेवढं काढून टाकता."

आई म्हणाली, "तुमच्या डोस्क्यातच लूम चालू हाय अजून."

आई त्या वेळी चुलीकडे तोंड करून बोलली, हे बाबांनी बरोबर टिपलं. "बग. परत पाट केली." मग शांतपणे म्हणाले, "होळीला जातो नि घेऊन येतो तिला. समोर बसून सांगंल. नाय पटलं तर जायाचं नाय परत."

ते बोलले म्हणजे करणार. तिचं वर्ष जाणार होतं, कदाचित शिक्षणच.

माझा पहिला संशय दुकानदारावर. खोक्याचं सील दोनदा चिकटवल्यासारखं होतं, आणि विकताना तो फारच गोड बोलला होता. मी टॅब्लेट घेऊन गेले. त्याने आपल्याकडचा एक सिनेमा त्यात टाकून लावला. लोण्यासारखा चालला.

"देखो मॅडम, पानी जैसा."

मी बहिणीचा व्हिडिओ लावला. ती थिजली, उडाली, पुन्हा थिजली.

"ये आपके वीडियो में ही कुछ है."

"वापरलेला माल नवा म्हणून विकलात ना?"

"मॅडम, आप तो पढ़ी-लिखी हो."

ही खुशामत होती की टोमणा, ते अजून मला कळलेलं नाही. बदलून देणार नाही, एवढं मात्र कळलं.

लॅबमध्ये आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. घरी आल्यावर मी तेच केलं. टॅब्लेट तोच, मेमरी कार्ड तेच, नेट बंद. त्याचा सिनेमा चालत होता, बहीण अडकत होती. मग फाइलची माहिती उघडली. अख्खा सिनेमा आणि तिचं जेमतेम तीन-चार मिनिटांचं बोलणं, वजनाला जवळपास सारखंच. मी तिला फोन लावला.

"कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवलीस?"

"सगळ्यात भारी आहे ती. फोर-के, सेकंदाला साठ फ्रेम. मुद्दाम ठेवली ताई, बाबांना ओठ नीट दिसावेत म्हणून."

म्हणजे ओठ दिसावेत म्हणून तिने जे केलं, त्यानेच ओठ दिसत नव्हते. स्वस्त टॅब्लेटला एवढं ओझं पेलत नव्हतं, तो जमेल तेवढी चित्रं दाखवत होता आणि बाकीची गाळत होता. मी तिला सेटिंग उतरवून सातशेवीस आणि तीस फ्रेम ठेवायला सांगितलं. "धुरकट नाही का दिसणार?" तिचा विश्वास बसेना. मी म्हटलं, तोंड जवळ घे आणि उजेडाकडे बस.

रविवारी बाबा टॅब्लेट पुढ्यात घेऊन बसले. व्हिडिओ कुठे न अडकता चालू लागला. ती मेसबद्दल बोलली, वॉर्डमधल्या ड्युटीबद्दल बोलली. मग तिचा आवाज गेला. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आता स्पीकर गेला, असं म्हणून मी आवाज वाढवला. तिच्या खोलीतला पंखा खडखडत होता, बाहेर कोणीतरी बादली सरकवली, तेही आलं. आवाज चालू होता. तीच तो काढत नव्हती. ती लूमखात्यातलं बोलत होती, बाबांनी लहानपणी तिला मांडीवर घेऊन शिकवलेलं. मला तेव्हा अभ्यास असायचा.

बाबांनी तेवढा भाग मागे नेऊन परत पाहिला. त्यांचा चेहरा आधी आवळला, मग सैल झाला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"तुला तर ऐकू येतं."

आई म्हणाली, "सांगा की. बरी हाय ना पोर?"

"ज्ये हाय त्ये तिनं सांगितलं. होळीला आणायची नाय. पुरं करू दे तिला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता माजा घे."

मी टॅब्लेटचा कॅमेरा त्यांच्यासमोर धरला. आधी ते चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "नीट जेव, उन्हात फिरू नको." नंतर बराच वेळ नुसते ओठ.

पाठवायच्या आधी मी तो व्हिडिओ खोलीत नेऊन परत परत पाहिला. एकही फ्रेम गळलेली नव्हती. एका जागी त्यांच्या ओठांवर "ताई" आल्यासारखं वाटतं, पण खात्री नाही. काहीही न कापता मी तो पाठवून दिला.