आत्याबाईंची औषधाची पिशवी

थोरल्या दिरांच्या घरी, दिल्लीला, बाळ आलं तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दिरांना नवी सरकारी नोकरी लागलेली. त्या हौसेत त्यांनी सासूबाईंसाठी आणि सोबतीला म्हणून माझ्यासाठी औरंगाबादहून विमानाची तिकिटं पाठवली. आमच्या उंद्री गावात तोवर विमान पाहिलं होतं ते फक्त मान वर करून.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी कपड्यांच्या आधी औषधं बांधायला घेतली. आम्ही चिखलीच्या औषधाच्या दुकानात गेलो. डोकेदुखीच्या गोळ्या, बाम, खोकल्याचं औषध आणि ओव्याच्या अर्काची मोठी शिशी घेतली. दुकानदारानं शिशी थोडी रिकामी ठेवली, तर आत्याबाई म्हणाल्या, "गळ्यापर्यंत भर ना भाऊ. अशी शिशी पाहून माह्या लेकाले काय वाटन?" त्यानं हसून भरली आणि बूच ठोकलं.

विमानतळावरच्या माणसांनी मोठी ट्रंक सामानात टाकायला नेली. औषधाची पिशवी मात्र त्यांनी सोडली नाही. "पोट वरती दुखलं तं खाली ट्रंकेत कोन जाईन?" त्यांनी विचारलं. तिथल्या माणसानं हसून पिशवी जाऊ दिली.

विमान वर चढलं आणि हेलकावे खाऊ लागलं. इतक्यात आत्याबाईंच्या मांडीवर फट् असा आवाज झाला. बूच उडालं होतं! अर्क पिशवीतून त्यांच्या लुगड्यावर उतरला आणि ओव्याचा उग्र वास विमानभर पसरला. लोक माना वळवून पाहू लागले. मला खिडकीतून उडी मारावीशी वाटली. हवाई सुंदरी धावत आली. "क्या गिरा, माताजी?"

"दवा गिरी, बाई. लेकाची होती," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मी जवळच्या पंच्यानं पिशवी पुसू लागले. पंचा ओला चिंब झाला.

पलीकडे एक जाडजूड शेठ कागदी पिशवी तोंडाशी धरून बसले होते. चेहरा पांढराफटक. त्यांनी एकदम हात पुढे केला, "बहनजी, वो कपड़ा जरा देना." पंचा नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "अहाहा!" मग मागच्या बाईंनी तो मागितला, त्यांच्याकडून आणखी कुणी. आमचा उंद्रीचा पंचा शेपटाकडच्या रांगेपर्यंत फिरून आला. कुणी गोळी मागितली, कुणी बाम. आत्याबाईंना भलताच हुरूप आला. "अवं, त्या म्हाताऱ्याले विचार, डोकं दुखून राह्यलं का त्याचं?" त्या मला पाठवत राहिल्या आणि मी हेलकावत्या वाटेतून बामाची डबी घेऊन फिरले. नवी सून म्हणून खाली घातलेली मान त्या दिवशी कधी वर झाली, मला कळलंच नाही.

दिल्लीला दीर घ्यायला आले होते. पाया पडायला वाकले आणि नाक चोळत उठले. "आई, औषध आणलंस की अंगाला लावून आलीस?"

"आनलं होतं बाबू. वाटेत लोकायले लागलं."

त्यांनी पिशवीत हात घातला. खोकल्याचं औषध तेवढं उरलं होतं. तेवढ्यात ते शेठ सामान घेऊन जवळून गेले आणि आत्याबाईंना वाकून नमस्कार करून गेले. दीर बघतच राहिले.

"कोण गं हे?"

"काय माहीत," आत्याबाई म्हणाल्या, "पन आता बरा दिसून राह्यला. चाल, नातवाले पाहू दे मले."