भिंतीला न पुरणारी मांडणी

दोन हजार पंचवीस साल, माझं वय चौऱ्याहत्तर. पेणात गणपतीच्या कारखान्यांना मांडण्या करून द्यायचं माझं काम, ते अजून सोडलेलं नाय. दुपारी फळीला रंधा मारत होतो आणि भाच्याचा फोन आला. नितीन नागोठण्याला कंपनीत असतो, रात्रीची शिफ्ट असली की दुपारी झोपतो, त्याचा फोन यायची ती वेळ नव्हे. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" … माणूस त्या वेळी काय वाटेल ते विचारतो.

कुंदा माझी धाकटी बहीण. रोह्याच्या शाळेत तिनं जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, रिटायर झाल्यावरही शनिवारी प्रयोगशाळेत जाऊन बसायची. मी चौथीत शाळा सोडून बापाबरोबर रंधा धरला, मला लिहायची सवय नाय. पण दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो तिला 'मनमिळाऊ' म्हणेल, म्हणून मीच बसलो. मनमिळाऊ ती बिलकुल नव्हती. माझीच बहीण होती.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झालं आणि म्हणाली, "यंदा साडी नको दादा, मांडणी पाहिजे." पिशवीतनं एक तक्ता काढला, आवर्तसारणी म्हणतात त्याला. जगातलं सगळं ज्या मूळ पदार्थांचं बनलंय, त्या प्रत्येकाला त्यात एक चौकट. तिला तो तक्ता लाकडात हवा होता. चौकटीच्या जागी खण आणि खणात तो पदार्थ खराखुरा, लोखंडाचा खिळा, गंधकाची बाटली, असा. जे ठेवण्यासारखे नाहीत त्यांचं चित्र. "पोरं पाठ करतात आणि विसरतात. डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे," म्हणाली.

मी तक्ता बघितला आणि म्हटलं, "दात पडलेलं तोंड हाय हे." वरच्या ओळीत दोन टोकांना दोन चौकटी आणि मधे सगळं रिकामं! मांडणीत रिकामी जागा सोडली तर कारखानदार मला उभा करणार नाय. मी म्हटलं, सगळे सरकवून घेतो, चौकोनी झोकदार काम होईल, लाकूडही वाचेल. कुंदा हसली नाय. उठली, भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "महिना शुक्रवारी सुरू झाला, तर आधीच्या चौकटी मोकळ्या का सोडल्यात?" मी म्हटलं, "मग काय एक तारीख रविवारात घालायची?" "तेच! तारीख एकेकानं पुढं जाते, पण वार फिरून परत येतो. इथं नंबर एकेकानं वाढतो, आणि थोडं पुढं गेलं की स्वभाव फिरून परत येतो. म्हणून खाली नवी ओळ. उभ्या रांगेत सगळे एका स्वभावाचे. फक्त इथला आठवडा खाली जावं तसा लांबत जातो. तू सरकवलंस तर सोमवारचे मंगळवारात जातील." एवढ्यानं मला समजलं. मग शेवटच्या रांगेवर बोट ठेवून म्हणाली, "हे सहसा कुणात मिसळत नाहीत. ही तुझी रांग, दादा." मी म्हटलं, "मग तेवढे खण जरा रुंद करतो." "सगळे सारखेच करायचे," म्हणाली.

पुढच्या खेपेला मी रोह्याला जाताना सोडियमच्या खणासाठी मिठागरावरनं मिठाची पुरचुंडी नेली. तिनं कपाळाला हात लावला. "मीठ म्हणजे सोडियमचा क्लोरीनशी झालेला संसार. मला नवरा एकटा पाहिजे." एकटा कुठं मिळतो, विचारलं, तर म्हणे त्याला रॉकेलात बुडवून ठेवतात, पाणी लागलं की पेटतो, आणि खालच्या खणातला पोटॅशियम त्याहून तापट. "अगो, मग चित्रच लाव," मी म्हटलं. पुरचुंडी स्वयंपाकघरात गेली.

खरं भांडण झालं ते तळाच्या दोन ओळींवरनं. तक्त्याच्या खाली चौदा-चौदा चौकटींच्या दोन ओळी वेगळ्या काढलेल्या, मूळ घराला सोडून. कुंदा म्हणाली, त्यांची जागा मधेच हाय, दुसऱ्या रांगेच्या पुढं, पण तिथं घातल्या तर तक्ता फार लांब होतो, म्हणून खाली काढतात. कॅलेंडरात तीस-एकतीस तारीख दुसऱ्या चौकटीत कोंबतात तसं. मी म्हटलं, "कॅलेंडर कागदाचं असतं. मी लाकडाचा माणूस. ज्यांची जागा मधे, त्यांना पंगतीबाहेर बसवायचं काम माझ्या हातनं व्हायचं नाय."

"भिंत पुरत नाय रे!"

"मग भिंत वाढव."

"शाळा काय माझ्या बापाची हाय?"

"आपला बाप एकच. त्याची नाय, मला ठाऊक हाय."

फोनवरसुद्धा भांडायचो. ती म्हणायची, सगळ्या पुस्तकांत असंच असतं. मी म्हणायचो, पुस्तकं तुझी, करवत माझी. उन्हाळ्यात ती पेणला आली, ती शेवटची भेट. दुकानात स्टुलावर बसली, दम लागत होता. मांडणीसाठी आणलेल्या फणसाच्या फळ्या तशाच उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत म्हणाली, "दादा, तू कुणासाठी भांडतोयस रे?" मी रंध्याचं पातं ठोकत बसलो. अर्धा चहा ठेवून उठली.

तेरावं झालं आणि नितीन म्हणाला, "मामा, मांडणी राहू दे. आईचा फोटो आणि खाली तक्ता, असा फ्लेक्स लावू. शाळा हो म्हणालीय." मी विचारलं, "फ्लेक्सात गंधक ठेवशील कुठं?" तो चिडला नाय, थकला होता. "रविवारी प्रयोगशाळेत जाऊन बघू. बसत असेल तर तुमची मांडणी, नाय तर फ्लेक्स." मी म्हटलं, बरं.

एका खणाला एक वीत, म्हणजे सगळे आपापल्या जागी बसवायला बत्तीस वीत भिंत पाहिजे. रविवारी प्रयोगशाळेत फळ्याच्या बाजूची भिंत मी हातानं मोजली. चोवीस भरली. कुंदाचं बरोबर होतं. तिच्यासमोर हे मी कबूल केलं नसतं, आताही फार मोठ्यानं करत नाय. नितीननं फ्लेक्सवाल्याला लावायला खिशातनं फोन काढला. माझा हात भिंतीवर तसाच. हात उचलला की हरलो. वीत टाकायची सवय, पंजा आपसूक पुढं सरकला आणि पंचविसावी वीत कोपरा वळून बाजूच्या भिंतीवर पडली. मग सव्विसावी. बत्तिसावी खिडकीच्या अलीकडं संपली.

"नितीन, भिंत संपली. खोली कुठं संपली?"

"मामा, मांडणी वाकवणार?"

"लाकूड वाकवत नाय मी. काटकोनात जोड देणार."

त्यानं तक्त्यावर बोट फिरवत रांगा मोजल्या. वळणावर तांबं येत होतं, त्याच्या खाली चांदी, त्याच्या खाली सोनं. "आई म्हणाली असती, सोनाराचं दुकान बरोबर नाक्यावर आलं," तो म्हणाला. आई गेल्यापासनं पोरगं पहिल्यांदा हसलं. फोन त्यानं केलाच, पण फ्लेक्स नको म्हणून सांगायला.

संध्याकाळच्या गाडीनं पेणला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यांच्या मांडण्या बाजूला सारल्या. गणपती तोंडावर आलेत, कारखानदार ओरडतील, ओरडू देत. फणसाची फळी पुढ्यात घेतली, पेन्सिल कानावरनं काढली आणि खाली बसवलेल्या त्या चौदा-चौदांचे खण सगळ्यांच्या आधी आखले.