टिकलीचं बटण

आमच्या घरातलं काहीही बिघडलं की मिरजोळ्याहून तोच एक दुरुस्तीवाला येतो. ताप बघावा तसा आधी यंत्रावर तळहात टेकवतो आणि म्हणतो, "होयल, होयल."

परवा डिशवॉशरचं पाणी तापेना. ताटांवर बांगड्याच्या कालवणाचा ओशटपणा तसाच राहायचा. मनगट मोडल्यापासून सासूबाईंनी भांडी मशीनला लावायचं हे एकच काम हट्टाने स्वतःकडे ठेवलंय.

तो आला तसा मी त्याला चहा विचारला. "आधी ह्याचं पाणी तापू दे, मग माझं."

त्याने मीटर लावून पाहिला. हीटर ठणठणीत होता. झाकण बसवून तो म्हणाला, "आजी, रोज लावता तसं लावा बघू." वीज वाचावी म्हणून सासूबाईंनी सवयीने गार पाण्याचं बटण दाबलं. मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "वायर सैल होती, आवळलेय मी." मग माझ्याकडून टिकली मागून शेजारच्या बटणावर चिकटवली. "आता हे दाबायचं हां."

ताटं चटका बसेल इतकी गरम निघाली. तो चहा पिऊन गेला.

सासूबाई टिकलीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "वायर आवळलीन् कधी? मी समोरच तर होते." मग हसल्या. "पुढच्या वेळी त्याला जेवायला थांबव."