दत्तूचा डावा खांदा

आमची पोस्ट सीमेवरच्या कड्यावर होती. मी हवालदार, दत्तू माझ्या सेक्शनमधला नायक. तो डावखुरा. रायफल डाव्या खांद्याला लावायचा, सुटलेल्या गोळीची गरम पुंगळी त्याच्या नाकासमोरून उडायची आणि आम्ही त्याला ‘उलटा शिपाई’ म्हणून चिडवायचो.

एका पहाटे फायर आला. दोन जवान जखमी झाले. त्यांना खाली न्यायचं तर कव्हर हवं होतं. आडोसा एकाच खडकाचा, आणि शत्रू दिसायचा तो त्याच्या डाव्या कडेवरून. उजव्या खांद्यावरून फायर करणाऱ्याला तिथे अख्खं अंग बाहेर काढावं लागलं असतं.

“हवालदारसाहेब, ही जागा माझी,” दत्तू म्हणाला.

“दोघे खाली पोहोचले. ओव्हर,” मी वायरलेसवर कळवलं. तोवर त्याची रायफल चालू होती. मग थांबली.

आता मी बडोद्यात, हरणीला राहतो. पुतणी रेवा तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून कागदावर छापते. दत्तूचा फोटो मीच तिला दिला. चित्र पाहायला त्याची बायको, सुलभावहिनी, एका संध्याकाळी येणार होती.

त्याच दिवशी दुपारी रेवाने मला अलकापुरीत एका प्रदर्शनात जुनी डच कोरीव चित्रं दाखवायला नेलं. मला वाटलं, घोड्यावरचे सेनापती असतील. निघाले आपल्यासारखेच साधे शिपाई: ढोलावर पत्ते कुटणारे, बूट काढून पाय चोळणारे, पहाऱ्यावर पेंगणारे. एका चित्रात जळतं गाव होतं. तिथे मी फार थांबलो नाही. चितारी खोटं बोलले नव्हते. फक्त तलवारी सगळ्यांच्या उजव्या कमरेला.

“अख्खी पलटण डावखुरी?”

“नाही काका. पत्र्यावर सरळ काढलं की कागदावर उलटं उतरतं. पुष्कळांनी फिकीर केली नाही.”

“मग आपला दत्तू?”

“छापूनच बघू ने. चालो.”

निजामपुऱ्यात, तिच्या कामाच्या खोलीत पत्रा तयार होता. त्यावर रायफल उजव्या खांद्याला. उजव्या हाताचा दत्तू त्या खडकामागे गेलाच नसता. तेवढ्यात वहिनी दारात आल्या.

रेवाने प्रेसचं चाक फिरवलं, कागद उचलला. रायफल डाव्या खांद्याला!

“फोटो आरशात बघून कोरलं, काका. पत्र्यावर उलटं, म्हणून कागदावर सरळ.”

आत्ताच ऐकलेलं मी भीतीपोटी विसरलो होतो. इतकं हायसं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी मोठ्याने हसलो.

वहिनींनी कागदाजवळ बोट नेलं. “सासूबाई जन्मभर ओरडल्या, उजव्या हाताने जेव म्हणून. यांनी काही ऐकलं नाही.”

“वहिनी,” मी म्हणालो, “त्या पहाटे खाली पोहोचलेल्या दोघांना आता नातवंडं आहेत.”